वाचा गेली, भजन राहिले

बाबांची वाचा गेली तेव्हा मी देवाशी बोलणे सोडले. सुलतानपूरच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजनाला पुढचा आवाज बाबांचा असायचा. शेतातून आले की हातपाय धुवायचे, पेटी उचलायची आणि मंदिर गाठायचे. सोयाबीनची सोंगणी असो, घरी पाहुणे असोत, गुरुवार चुकला नाही. आई गेली त्या आठवड्यातही ते जाऊन बसले होते. अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर बोलणेच गेले. पाय नेला असता तरी मी सोसले असते. गळाच का न्यावा, हे मला कळेना.

माझे सासर बुलढाण्याचे, म्हणून तिथल्याच दवाखान्यात त्यांना ठेवले. त्यांना सगळे समजत होते, पण शब्द निघत नव्हता. मी आपली "बाबा, पाणी म्हणा, पाणी" करत राहायची. ओठ हलायचे, घशातून नुसता आवाज यायचा आणि मग ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझी मुलगी मुक्ता त्यांची फार लाडकी. ती भेटायला आली, तर तिचे नावही त्यांना घेता येईना. त्या दुपारी त्यांनी जेवणाचे ताट ढकलून दिले.

शेजारच्या खाटेवर डोणगावचे एक आजोबा होते. त्यांच्या पत्नी रोज सकाळी त्यांच्या उशाशी बसून बुद्धवंदना म्हणायच्या. सांडलेला भात मी गोळा करत होते, तेव्हा त्या उठून आल्या आणि माझ्याबरोबर खाली बसल्या.

"तुह्या बापाले बोलाले काऊन लावतं वं माय? गायले लाव," त्या म्हणाल्या. "माह्या भावाचं असंच झालं होतं. बोलनं बंद, पन वंदना बराबर म्हने."

"मला गाता येत नाही हो, आजी."

"तुले कोन म्हनते चांगलं गाय म्हनून? सुरू तं कर."

मी बाबांचा हात धरून 'राम कृष्ण हरी' सुरू केले. सूर भलतीकडेच चालला होता. थोड्या वेळाने बाबांच्या कपाळाला आठी पडली. माझे बेसूर गाणे त्यांना सोसवले नसावे. त्यांनी डोळे मिटले आणि तीच ओळ नीट सुरात म्हणून दाखवली. शब्दांसकट, स्वच्छ. मी रडायला लागले, तर ते डाव्या हाताने ताल धरून मला 'पुढे म्हण' असे खुणावत होते.

डॉक्टर म्हणाले, असे होते. मेंदूत बोलण्याची जागा वेगळी, गाण्याची वेगळी. खरेच असणार. ती जागा कोणी राखली, हे मी त्यांना विचारले नाही. त्या आजींच्या यजमानांना दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. गडबडीत आजींचे नाव विचारायचे राहून गेले.

माझ्या घरी आल्यावर मुक्ताने आजोबांचा ताबा घेतला. 'चहा दे', 'चष्मा कुठाय' हे सगळे तिने भजनाच्या चालीत बसवले. बाबा गाऊन चहा मागायचे आणि घर हसायचे. ते स्वतःही हसायचे. हळूहळू काही शब्द चालीशिवायही येऊ लागले.

पुढे ते गावी परतले आणि गुरुवारी पुन्हा मंदिरात जाऊ लागले. पेटी आता दुसऱ्याकडे होती. बाबा मागे, खांबाला टेकून बसायचे आणि ध्रुवपद धरायचे. मी एकदा सोबत गेले होते. त्यांच्या एका जुन्या सोबत्याला राहवले नाही. "नाना, देवानं तुमची वाचा नेली, तरी त्याचंच गाऊन राह्यले?"

बाबा बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "माहं गेलं... त्याचं राह्यलं."

बाबा आता नाहीत. जे राहिले ते कोणाचे होते, एवढे मला सांगून गेले. मंदिरातल्या त्या गुरुवारपासून 'का नेले' हे मी देवाला विचारत नाही. सकाळी हात जोडते, तेव्हा त्या डोणगावच्या आजींनाही एक नमस्कार करते.