मरीमायचा मुलाणी

आमच्या गावात बकरा मराठ्याचा, देवी गावाची आणि सुरी मुलाण्याची, असा रिवाज माझ्या पणज्याच्याही आधीपासून चालत आला होता. तो कोणी ठरवला, कधी ठरवला, हे विचारायला गेलात तर उत्तर एकच मिळायचं, ‘पयल्यापासून.’ आता जो उठतो तो पहिल्यापासूनचं सगळं मोडायला निघतो आणि वर आम्हालाच विचारतो, तुम्ही नक्की कोणाचे? मला या प्रश्नाचा वीट आला आहे. म्हणून माझ्या बापाची गोष्ट एकदा सांगून टाकते.

माझे अब्बा, शेख मदार. गाव बोरीपासून दोन कोसांवर. मुलाणी ही आमची जात म्हणा, काम म्हणा, आडनाव म्हणा, सगळं तेच. गावात कोणाच्या घरी बकरं-कोंबडं कापायचं असलं की मुलाण्याला बोलावणं यायचं, मग घर हिंदूचं असो की मुसलमानाचं. मुलाण्यानं ‘बिस्मिल्ला’ म्हणून कापलेलं नसेल तर मराठ्यांची म्हातारी माणसं त्या मटणाला हात लावत नसत. त्याला ‘मुरदाड’ म्हणत. परभणीच्या शिकलेल्या लोकांना हे सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. वाटू द्या.

आखाडात मरीमायची जत्रा भरायची. गावाचा पहिला बकरा तात्याराव पाटलांच्या घरून वाजतगाजत निघायचा. देवळासमोरच्या लिंबाखाली अब्बा सुरी धुऊन उभे. त्यांनी पहिला बकरा कापल्याशिवाय गावात कोणी चुलीवर पातेलं चढवायचं नाही, असा त्यांचा मान होता. त्यांची शिस्तही कडक. बकऱ्याला आधी पाणी पाजणार, दुसरी जनावरं नजरेआड नेणार, मगच हात लावणार. एकदा कोणीतरी मागून ‘उरका की लवकर’ म्हणालं, तर अब्बा वळून म्हणाले, “तुला घाई असंल तर तूच झोप हितं.” सगळी जत्रा हसली.

मुसलमान असून देवीचं काम कसं करता, असं कोणी छेडलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं.

“नाव अल्लाचं, तोंड तुमचं. मायला काय, नुसता वास.”

यावर सगळ्यांत मोठ्यानं तात्याराव हसायचे. ते आणि अब्बा एकाच वयाचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले.

आमच्या शेजारच्या वस्तीतले सिताराम मात्र हसायचे नाहीत. ते बौद्ध, बोरीच्या शाळेत शिक्षक. पूर्वी जत्रेत हलगी त्यांच्या घराण्याची असायची. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा त्यांच्या वडिलांनी हलगी खुंटीवरून काढली आणि गावाला सांगून टाकलं की आता दुसरा बघा. पुढे अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली, तेव्हा सितारामकाकांचं छप्पर जळालं. ते आणि त्यांची बायको आमच्या ओसरीवर येऊन राहिले होते. तेव्हापासून अब्बांना ते हक्कानं बोलत.

“मदारभाई, हा मान न्हाई, ही गुलामी हाय. आमी सोडलं, तुमी बी सोडा.”

“मास्तर, तुमाला सोडायचं हुतं. मला न्हाई सोडायचं,” अब्बा म्हणायचे. वाद तिथंच थांबायचा, कारण अम्मी चहा घेऊन यायची.

सत्त्याऐंशीच्या सुमारास गावात मशीद पक्की झाली आणि एक तरुण मौलाना आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. दुपारी मुलींना बसवून शिकवायचे. मला उर्दू वाचता येतं ते त्यांच्यामुळे. पण त्यांना अब्बांचं जत्रेतलं काम मुळीच पटत नव्हतं. देवीच्या दारात जनावर कापणं म्हणजे शिर्क, म्हणजे अल्लाबरोबर दुसऱ्या कोणाला तरी भागीदार करणं, असं ते सांगत.

“मौलाना, मैं नाम तो अल्लाहका लेतूं,” अब्बा म्हणाले.

“नाम किसका लेते ये नहीं, दर किसका है ये देखो,” मौलाना म्हणाले.

अब्बा निरक्षर. किताबापुढे ते काय बोलणार? घरी येऊन चिडचिड करायचे, “माझा बाप, माझा आजा, सगळे काय दोजखात गेले व्हय?” अम्मी म्हणायची, हळू बोला, भिंतीला कान असतात. भिंतीला कशाला, आमच्या मशीद कमिटीला चांगले हातभर लांब कान होते.

एकोणनव्वदच्या आखाडाआधी माझं लग्न पाथरीला ठरलं. मग कमिटीला जोर आला. त्यांनी अब्बांना मशिदीत बसवून सांगितलं की यंदा मरीमायला सुरी घेऊन गेलास तर तुझ्या मुलीच्या निकाहात गावचा एकही मुसलमान बसणार नाही, आणि पाथरीलाही तसं कळवलं जाईल. अब्बांनी मान खाली घातली आणि कबूल केलं. नाही जाणार म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले. घरी आले आणि जेवले नाहीत.

आता हे तात्यारावांना कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी अब्बा टोपी घालून निघाले. मी सोबत होते, पाटलीणबाईंची शिवलेली चोळी द्यायची होती म्हणून. वाटेत अब्बा पुटपुटत होते. “तात्या, पोरीचं लगीन हाय. तात्या, माझा नाइलाज हाय. तात्या, मनावर घेऊ नका.” एखाद्या पोरानं कविता पाठ करावी तसं चाललं होतं. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता.

तात्याराव ओट्यावर बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा चंद्रभान. त्यानं त्या वर्षी वेशीत नव्या पक्षाचा बोर्ड लावला होता आणि कपाळाला गंध लावून हिंडत होता. आम्हाला पाहून तात्याराव उठले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. अब्बांनी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

“मदारभाई, कसं सांगू… यंदा पोरं म्हनायलेत, देवीच्या दारात आपलाच मानूस असावा.”

“आपला म्हंजे?” अब्बांनी विचारलं.

“म्हंजे हिंदू,” चंद्रभान म्हणाला. “त्यात वाईट वाटून घ्यायचं काय कारण न्हाई, चाचा.”

झालं. अब्बांनी वाटभर पाठ केलेलं सगळं तिथंच राहिलं. त्यांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. न बोलताच काम झालं होतं. पण माझा बाप असा उसळला की मी चोळी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

“मी न्हाई आपला? तुझं बारसं झालं तवाचा बकरा कुनी कापला रं? तुझ्या आज्ज्याच्या तेराव्यानंतरचं जेवान कुनाच्या हातचं हुतं? तात्या, तुमी बोला की! तुमी कामून गप?”

तात्याराव बोटातली अंगठी फिरवत राहिले. नकार द्यायला गेलेला माझा बाप नकार घेऊन परत आला, आणि येताना वाटभर भांडत आला, कोणाशी ते त्यालाही माहीत नव्हतं. ज्या कामाला तो स्वतःच नाही म्हणणार होता, ते काम आता त्याला जिवापाड हवं होतं.

सितारामकाकांना कळलं तेव्हा ते आले. अब्बांना वाटलं, आता हे म्हणणार, मी सांगत नव्हतो? पण ते तसं काही म्हणाले नाहीत. “सुटलात म्हना,” एवढंच म्हणाले.

“मास्तर, तुमी सोडलं. माझं सोडवलं,” अब्बा म्हणाले. “दोन्ही बाजूंनी.”

जत्रेला पहिला बकरा चंद्रभाननं कापला. कापला म्हणजे काय, त्याला एका घावात जमलं नाही. पोरांनी जयजयकार करून ते जनावराचं ओरडणं दाबून टाकलं. तरी आम्हाला घरात ऐकू येत होतं. अब्बा उठून मागच्या अंगणात गेले आणि कानावर हात ठेवून बसले.

त्या दिवशी गावात एक गंमत झाली. म्हाताऱ्या माणसांनी मटण खाल्लंच नाही. उघड कोणी बोललं नाही, पण कोणाच्या पोटात दुखत होतं, कोणाला उपवास आठवला. तात्यारावांनी पिठलं-भाकरी खाल्ली, असं पाटलीणबाईंनीच सांगितलं.

आणि ऐन दुपारी सरजाबाई आपला बकरा ओढत आमच्या दारात आली. सरजाबाई म्हणजे तात्यारावांची चुलत बहीण, विधवा, जिभेनं फटकळ. तिचा नातू दवाखान्यातून वाचून आला होता आणि तिनं नवस बोलला होता.

“मदारदादा, काढ सुरी.”

“आक्का, मी शब्द दिलाय मशिदीत.”

“मायला मी बी शब्द दिलाय. त्या चंद्यानं कापलेलं मुरदाड मी नातवाला चारू व्हय? लेकराचा नवस हाय. तू न्हाई कापलंस तर मी हितून हलत न्हाई.”

आणि ती खरंच बसली. आमच्या उंबऱ्यात, बकऱ्याची दोरी पायाखाली धरून. अम्मी अब्बांकडे बघत होती. माझ्याकडेही बघत होती, कारण हे लग्न माझं होतं. अब्बांनी मला विचारलं, “क्या करूं, बेटी?” मी म्हटलं, “बकऱ्याला पाणी पाजा.”

त्यांनी मागच्या अंगणात बकरा कापला. पाय सरजाबाईनं धरले. तिनं जाताना त्यांचा वाटा ठेवला, पहिल्यापासून ठेवतात तसा.

संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे बातमी गेली. चंद्रभानच्या पोरांनी सरजाबाईचं पातेलं चुलीवरून उतरवून उकिरड्यावर ओतलं. मुलाण्यानं चोरून कापून जत्रा बाटवली, असं त्यांचं म्हणणं. इकडे कमिटीचे लोक दारात आले आणि म्हणाले, मदारभाई, तुम्ही मशिदीतला शब्द मोडलात. अब्बा म्हणाले, मी देवळात गेलोच नाही, माझ्या घरात कापलं. ते कोणी ऐकलं नाही. पाथरीहून निरोप आला की मुलाकडच्यांचा विचार बदलला आहे. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी पुढे अंगणवाडीत लागले आणि गावातच राहिले.

त्यानंतर गावानं अब्बांना बोलावणं बंद केलं. लोक बोरीच्या बाजारातून पिशवीत मटण आणायला लागले. चंद्रभानही आणायचा. बोरीच्या बाजारात कापणारा कोण, तर अब्बांचा मावसभाऊ! तिथं मात्र कोणाची देवी बाटत नव्हती. मशिदीतही अब्बा मागच्या रांगेत उभे राहायचे. अब्बा रोजगारानं दुसऱ्याच्या शेतात जायला लागले. सुरी अम्मीनं भाजी चिरायला घेतली.

मग ब्याण्णवचा डिसेंबर आला. मशीद पडली ती आमच्यापासून कुठल्या कुठे, पण इथं प्रत्येक गावात पोलिसांची गाडी फिरायला लागली. आमच्या गावात काही झालं नाही. तरी जानेवारीत चावडीवर शांतता कमिटीची बैठक बोलावली गेली. नवे फौजदार आले होते. अंगणवाडीची बाई म्हणून मलाही बसायला सांगितलं होतं.

हिंदूंच्या वतीनं चंद्रभान, आता तो सरपंच झाला होता. मुसलमानांच्या वतीनं मौलाना. आणि फौजदारांना कोणीतरी सांगितलं होतं की इथं पूर्वी एक मुलाणी देवीच्या जत्रेत बकरा कापायचा, एकोप्याचं मोठं उदाहरण आहे. म्हणून अब्बांना शेतातून बोलावून आणलं. पायाला माती तशीच. त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि चंद्रभाननं त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मौलानांनी त्यांचे हात दोन्ही हातांत घेऊन मुसाफा केला.

फौजदार भाषणात म्हणाले, “असे मदारभाई गावोगावी हवेत.” मग त्यांनी अब्बांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

अब्बा उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. तात्याराव समोरच्या खांबाला टेकून बसले होते, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले,

“साहेब, मला भाषन येत न्हाई. मला इतकंच इचारायचं हाय, येत्या आखाडीला पयला बकरा मी कापू का?”

फौजदारांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आधी चंद्रभानकडे पाहिलं, मग मौलानांकडे.

“तो विषय इथं नको,” चंद्रभान म्हणाला.

“नहीं, नहीं, वो बात यहाँ नको,” मौलाना म्हणाले.

दोघं जवळजवळ एकदमच बोलले. इतक्या वर्षांत देऊळ आणि मशीद एका गोष्टीवर एकत्र आलेली मी तेव्हाच पाहिली. तात्यारावांनी मान वर केली नाही.

फौजदारांचा चेहरा मात्र खुलला. “बघा! दोन्ही समाजांचं कसं एकमत आहे. हीच तर या गावची खासियत आहे,” ते म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या. अब्बा अजून उभेच होते. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि सगळे वाजवायलेत म्हणून त्यांनीही वाजवल्या.