मिंदाचा 'हो'

लुझविमिंदा हे लांबलचक नाव हॅलर्टनमध्ये कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती मिंदा झाली. आणि अडीच वर्षांत वागणंही तसंच होऊन बसलं, मिंध्यासारखं. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कुणी म्हणालं, "रविवारी येतेस?" की हिचं हो. "आज दोन पाळ्या करशील?" हो. "हे भलंमोठं पातेलं एकटीने उतरवशील?" त्यालाही हो. परमुलखात माणसाला तारून नेणारा शब्द तेवढाच, असं तिला वाटे. त्याच शब्दाने तिचा घात केला.

तिचा कामाचा परवाना जानेवारीअखेर संपत होता. हॅलर्टनसारख्या ओस पडत चाललेल्या गावांसाठी सरकारने योजना काढली होती. गावातल्या मालकाने नोकरी द्यायची, गावच्या समितीने शिफारसपत्र द्यायचं, मग कायमचं राहण्याचा अर्ज करायचा. नोकरी मिंदाच्या हातात होती. पत्र मात्र समितीच्या सात जणांच्या हातात होतं, आणि ते एकच गोष्ट बघत: हे माणूस खरंच इथे राहणार का? मागच्या खेपेला दोघे जण कागद हातात पडताच सामान बांधून टोरोंटोला गेले होते. तेव्हापासून गाव पोळलं होतं आणि ताकही फुंकून पीत होतं. ते पत्र मिळालं नाही तर मिंदाला परत मायदेशी इलोइलो गाठावं लागणार होतं, आणि नऊ वर्षांच्या लेकीला, जानेलला, इकडे आणायचं राहूनच जाणार होतं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी दुपारी समितीतल्या डोरीनबाई भोपळ्याचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, घेऊन दारात उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका. आवाज अजून वर्गातलाच.

"सुगीचा सण आहे ना, म्हटलं तुला एकटं वाटत असेल."

"या ना मॅडम, बसा. जेवून जा. पान्सित केलंय, आमच्याकडच्या शेवया."

"मॅडम नको म्हणून कितीदा सांगू?" त्या हसत आत आल्या आणि थबकल्या.

खोलीच्या मधोमध कमरेएवढं खोकं उभं होतं. अर्धं भरलेलं. भोवती घड्या केलेले कपडे, साबण, टॉवेल, बूट. सामान बाहेर काढल्याने बाजूचं कपाट रिकामं. आमच्याकडून इथे कामाला आलेल्या बायकांच्या घरी असं खोकं बारा महिने कोपऱ्यात असतंच. पगार झाला की त्यात दोन डबे टाकायचे आणि नाताळाच्या आधी ते जहाजाने घरी धाडायचं. मिंदाला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

डोरीनबाईंनी खोक्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. कोट काढला नाही.

"मिंदा, तू आम्हाला सोडून जाणार नाहीयेस ना?"

"हो, हो," मिंदा घाईने म्हणाली. आणखी जोर यावा म्हणून मानही डोलावली.

 बाईंनी हळूच विचारलं, "कधी?"

मिंदाला वाटलं, खोक्याचं विचारतायत. "पुढच्या आठवड्यात निघायला हवं, मॅडम. तरच नाताळापर्यंत घरी पोचणार."

"बरं," डोरीनबाई म्हणाल्या. पायचा डबा टेबलावर ठेवला, पान्सितला हातही न लावता दार ओढून घेतलं आणि गेल्या.

संध्याकाळी मानांग कोरा आली. मानांग म्हणजे थोरली ताई. कोरा काही सख्खी नव्हे, पण बारा वर्षं या देशात काढलेली. मिंदाने कौतुकाने सगळं सांगितलं, अगदी पायच्या खुसखुशीत कडेसकट.

कोराचा घास हातातच राहिला. "तू 'हो' म्हणालीस?"

"मग काय म्हणू? नाही जाणार ना विचारलं, म्हटलं हो. बरोबर आहे तुमचं, नाही जाणार."

"अगं इंदाय, अगं पोरी! आपला हो वेगळा, त्यांचा हो वेगळा! त्यांच्यात 'नाही ना' विचारलं की 'नाही' म्हणायचं. 'हो' म्हटलं म्हणजे हो, चालले! आणि वर तारीखही सांगितलीस? तिकीट दाखवायचं तेवढं राहिलं!"

 मिंदा खोक्याला टेकून जमिनीवर बसली. समितीची बैठक बुधवारी होती.

"फोन कर," कोरा म्हणाली.

"आणि फोनवर पुन्हा चुकलं तर?"

ती रात्र कशी गेली ते बाळयेशूलाच ठाऊक. जपमाळ हातात घेतली, पण दहा मणी मोजता येईनात. सातव्यावर गेली की जीव दचकायचा, पुन्हा पहिल्यापासून. आजवर सुखाने म्हटलेले सगळे हो तिला आठवत राहिले. त्यातले किती उलटे पडले असतील? घरमालकिणीने परवा विचारलं होतं, "हीटर बिघडलेला नाही ना?" हो म्हटलं होतं. म्हणून तर तो माणूस हत्यारांची पेटी घेऊन आला होता!

सोमवारी कामावर मॅनेजरने तिच्याकडे न बघता सांगितलं, "पुढच्या महिन्याच्या पाळ्या अजून लावल्या नाहीत. बघू." इतकंच. पण मिंदाने ओळखलं. म्हणजे बातमी पोचली. वाढायला गेली तर सूप सांडलं. दुकानात बाईने सुटे पैसे देताना "काळजी घे" म्हटलं, तेही तिला निरोपासारखं लागलं.

घरी आली तर जानेलचा फोन. तिकडे सकाळ, शाळेची घाई.

"नानाय," आईला ती अशीच हाक मारायची, "म्हणजे तू यंदाही येणार नाहीस?"

"हो, बाळा," मिंदा म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडाला हात लावला. पोरीला बरोबर कळलं. ती एवढंच म्हणाली, "बरं." लेकीला जे न सांगता कळतं, ते सात परक्या माणसांना कोण सांगणार?

फोन ठेवल्यावर तिने खोक्यातलं सामान बाहेर काढायला घेतलं. खोकंच नसलं तर संशय कशाचा? अर्धं रिकामं झालं आणि हाताला जानेलचे बूट लागले. अडीच वर्षांत पाय किती वाढला असेल या अंदाजाने घेतलेले, एक नंबर मोठेच. ते हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली. मग सगळं पुन्हा भरलं, वर चिकटपट्टी मारली, आणि ठळक अक्षरांत पत्ता घातला.

मंगळवारी पाळी सुटल्यावर शेजाऱ्याची बागेतली एकचाकी गाडी मागून आणली आणि खोकं त्यात चढवलं. डोरीनबाईंचा धुतलेला डबा पान्सितने भरून वर ठेवला. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, मग कितीही संकट असो. कोरा मागून खोकं सावरत होती.

"लोक म्हणतील, बघा, निघाल्या बाया सामान घेऊन! आता सातच्या सातांची खात्री पटेल."

"मानांग, नको ना गं. आधीच मला शब्द आठवेनासे झालेत."

"मग पाठ कर. काय म्हणायचंय?"

"मी इथेच राहणार आहे. मी इथेच राहणार आहे." वाटभर तिने ते जपासारखं घोकलं.

डोरीनबाईंनी दार उघडलं. खोक्याकडे बघितलं आणि मिंदाने तोंड उघडायच्या आत विचारलं, "म्हणजे तू अजून गेली नाहीस?"

पुन्हा तोच 'नाही'! घोकलेलं सगळं पुसलं गेलं. हो म्हणावं तरी विस्तव, नाही म्हणावं तरी विस्तव.  मागे कोराने खोकं घट्ट धरलं.

"मॅडम," मिंदा कशीबशी म्हणाली, "खोकं जाणार. मी राहणार."

आणि मग थांबलीच नाही. पायरीवरच पट्टी फाडली. मांसाचे सीलबंद डबे, साबण, चॉकलेट, तिकडे लेकीजवळ असलेल्या सासूबाईंसाठी मलम, आणि ते बूट. डोरीनबाईंनी चष्मा लावून पत्ता वाचला.

"जानेल कोण?"

"माझी मुलगी. नऊ वर्षांची."

"आणि रविवारी तू हो म्हणालीस ते..."

"ते आमच्या भाषेतलं हो होतं," मागून कोरा म्हणाली. "तुमच्या भाषेत ते नाही."

डोरीनबाई पायरीवर बसल्या. चाळीस वर्षं मुलांना भाषा शिकवलेली बाई. "आणि मी तिघांना फोन करून सांगून बसले, की ही चालली." पान्सितचा डबा त्यांनी मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "माझं एकच मत आहे, मिंदा. उद्या बोलेन. वचन देत नाही."

खोकं शनिवारी शहरातून आलेल्या गाडीतून निघालं. पत्र मात्र येईना. मिंदा रोज कामावर जाताना एकदा आणि येताना एकदा टपालपेटीत हात घालायची. आतला पत्र्याचा गारठा बोटांना लागला की तेच उत्तर वाटायचं. जपमाळेचे मणी मात्र आता दहापर्यंत जायला लागले होते. कधी कधी.

बैठकीनंतर नवव्या दिवशी पाकीट आलं. तिला ते उघडवेना. बाळयेशूपुढे मेणबत्ती लावून तिने कोराला बोलावलं. कोराने पाकीट फाडलं, चष्मा नाकावर चढवला आणि वाचत राहिली.

"काय म्हणतायत?"

"नाही म्हणालेले नाहीत."

"मानांग! मारशील मला! सरळ सांग, हो की नाही?"

"हो गं बाई, हो." कोराने कागद तिच्या हातात कोंबला. "आणि हा आपला हो नाही. त्यांचा हो."

मिंदाने तो कागद स्वतः तीनदा वाचला. त्या शब्दावर तिचा अजून भरवसा नव्हता.