नूर मोहम्मदचं गटार

खाडीकडच्या त्या गल्लीत कर बुडवणं हे पाप मानत नसत. वेळेवर भरणं हा मात्र शुद्ध बावळटपणा मानत, आणि या बाबतीत नूर मोहम्मदचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. घरपट्टी आली की हा इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेच्या कचेरीत हजर. बाकीचे जप्तीची नोटीस येईपर्यंत हलत नसत, आणि नोटीस आल्यावरही आधी ओळखीचा माणूस शोधत. नूरची बायको सफिया म्हणायची की या माणसाला कर भरल्यावरच भूक लागते.

तसा तो काही शेठ नव्हता. पुढं पाच-सहा मागांचा कारखाना आणि मागं दोन खोल्यांचं घर. सूत शहरात आलं की त्यावर जकात, कारखान्याची घरपट्टी वेगळी, राहत्या घराची वेगळी, पाणीपट्टी तर नळाला पाणी न येताही चालू. एवढं सगळं भरून गल्लीला काय मिळत होतं? मातीचा एक चर. त्यालाच कचेरीच्या नकाशात गटार म्हणत. पावसाळ्यात तो चर फुगला की घाण पाणी सरळ नूरच्या कारखान्यात शिरायचं, मागावर चढवलेल्या सुताला खालून चिखल लागायचा, आणि तिथून पाणी सफियाच्या चुलीपर्यंत जायचं. शेवाळलेल्या भिंतींना हात लावून ती दर वर्षी रडायची. नूर दर वर्षी अर्ज द्यायचा.

सत्त्याऐंशी साली कचेरीत नवे साहेब आले. बोलायला गोड होते. त्यांनी नूरला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की तुमच्या गल्लीची सगळी जुनी बाकी वसूल झाली, तर येत्या पावसाळ्याआधी पहिलं गटार तुमचं. नूरला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं ज्या बावळटपणाबद्दल लोक हसले, त्याचं आता चीज होणार होतं.

इथंच त्यानं चूक केली, आणि ती त्या मोहल्ल्यातलाच माणूस करू शकतो. तिथल्या जमातीचा एक जुना रिवाज होता. शुक्रवारी नमाजनंतर मशिदीमागच्या पडवीत गल्लीची कामं निघायची. गल्लीतले हिंदू शेजारीही तिथं येऊन बसत. तिथं उभं राहून जो एखाद्या कामाबद्दल बोलेल, ते काम त्याच्या अंगावर. मग ते कुणी का करेना, झालं नाही तर जाब बोलणाऱ्यानं द्यायचा. म्हणून तर शहाणी माणसं तिथं बसूनच बोलत. नूर उभा राहिला.

साहेबांचं म्हणणं त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. जमातीतले सगळ्यात वडीलधारे गुलाम हुसेन भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "हे साहेब बोलतोय, का तू बोलतोस?"

एवढ्यावर तरी शहाण्यानं सावध व्हावं. पण खुर्चीची ऊब अजून गेली नव्हती.

"मी बोलतो," नूर म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्या शब्दावर गल्लीनं खरंच पैसे भरले. शेजारच्या दाऊदनं बकरी ईदसाठी पाळलेला बोकड ईदच्या आधीच विकला. समोरच्या महादूनं, ज्याच्या खोल्यांत मागावरचे कामगार भाड्यानं राहत, सगळं भाडं कचेरीत नेऊन ओतलं. कुरकुर भरपूर झाली, पण बाकी एकाचीही उरली नाही.

पावसाळा आला. गटार आलं नाही. पाणी मात्र नेहमीप्रमाणे न चुकता आलं.

नूर कचेरीत गेला तेव्हा चहा नव्हता. साहेब म्हणाले, पैसे जमा झाले हे खरं, पण त्यात निम्मा वाटा सरकारचा, आणि तो आलाच नाही. सरकारच्याच तिजोरीत खडखडाट. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग गल्लीनं भरलेले पैसे कुठं आहेत, असं नूरनं विचारलं. ते पगारात गेले. आणि थोडे कमानीत. कुणी मंत्री येणार म्हणून कचेरीच्या दारात सिमेंटची रंगवलेली कमान उभी राहिली होती. मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं निघून गेले म्हणे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातला प्रकार. बाहेर पडताना नूरला त्याच कमानीखालून जावं लागलं, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढं राज्याचा अर्थसंकल्प आला. नूर रेडिओला कान लावून बसला होता. अर्थसंकल्प तुटीचा आहे, असं बाईंनी बातम्यांत इतक्या शांतपणे सांगितलं की जणू हवामानच सांगत होत्या. सफिया भाकरी थापत होती.

"तूट त्यांची," ती म्हणाली, "आणि भरायची आपण. आपल्या घरात तूट आली तर मी कुणाच्या दारात पावती फाडायला जाऊ?"

नूरला तिचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

पडवीत त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दाऊद त्याच्याकडं न बघता बसला. गुलाम हुसेन म्हणाले, "नूर, पावसाळा गेला." बस, एवढंच. आता यापुढं पडवीत त्याच्या तोंडाला किंमत राहते की जाते, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो त्याला खाऊ लागला.

त्यानं एक माग विकला. सफिया त्या दिवशी कारखान्यात आलीच नाही. त्या पैशातून विटा आणि सिमेंट आलं. शुक्रवारी माग बंद असायचे, तेव्हा नूर स्वतः चरात उतरून खोदू लागला. पहिल्या शुक्रवारी तो एकटाच होता. दुसऱ्या शुक्रवारी महादू फावडं घेऊन आला, मग महादूच्या खोल्यांतले कामगार, आणि शेवटी, तोंड वाकडं करून का होईना, दाऊद. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर गटार पुरं झालं. पहिल्या मोठ्या सरीत सगळी गल्ली दारात उभी राहून पाणी बघत होती. ते खाली, खाडीच्या दिशेनं गेलं. सफियाची चूल कोरडी राहिली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण कचेरीला वास लागला. एक माणूस येऊन गल्ली बघून गेला, आणि नव्या घरपट्टीत सगळ्यांना एक नवी ओळ आली : गटार कर. गल्लीत पक्कं गटार आहे, म्हणजे सोय आहे, आणि सोय आहे म्हणजे कर आहे.

महादू तो कागद घेऊन नूरच्या कारखान्यात आला. संतापानं त्याचं तोंड लाल झालं होतं.

"नूरभाय, गटार कचेरीनं बांधली न्हाय, तू बांधलीस," तो म्हणाला. "मंग कर पन तूच घे. तुला देताना माझा हात मागं येनार न्हाय."

नूर हसला नाही. इस्त्रीचा सदरा न घालता, होता तसाच, अंगावरच्या सुताच्या धुळीसकट तो कचेरीत गेला. भांडायचं ठरवूनच गेला होता. पण त्याला बघून साहेब उठूनच उभे राहिले. तुमची गल्ली म्हणजे शहरातली सगळ्यात शिस्तीची, असं म्हणाले. आता तिथं रस्त्यावरचे दिवे लावायचा विचार आहे. फक्त हा नवा कर सगळ्यांनी लवकर भरला पाहिजे. तुमचा शब्द लोक मानतात, तेव्हा तुम्हीच एकदा त्यांना सांगा.

डोक्यात घोळवून आणलेलं भांडण नूरला एकाएकी नको वाटलं.

"साहेब," तो म्हणाला, "शुक्रवारी आमच्या पडवीत या. उभं राहून तुम्हीच सांगा. मी तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो."

साहेबांना तो रिवाज कुठून माहीत असणार? ते खुशीत हो म्हणाले.

नूरनं खरंच घरून खुर्ची नेली. सफियानं ती पुसून दिली. पडवीत सगळे सतरंजीवर बसले आणि मधोमध ती खुर्ची. साहेब आले नाहीत. सगळी कामं बोलून झाली, माणसं उठायला लागली, दाऊदचे गुडघे दुखत होते म्हणून तो खुर्चीवर टेकायला गेला.

"तिथं नको," नूर म्हणाला. "ती भरलेली आहे."

पुढच्या शुक्रवारी त्यानं खुर्ची पुन्हा आणली.