हात आधी कुठं जातो

आवराआवरीच्या कामाला गेलं की लोकांची घरं मोकळी होतात आणि माझ्या टेम्पोत किस्से भरतात. सामान कुठंतरी उतरवता येतं, किस्से नाही. म्हणून त्यातले थोडे आज इथं उतरवतो.

मी न्हावऱ्याचा. माझा छोटा टेम्पो आहे. वंदनाताई पूर्वी रांजणगावला एका कंपनीत स्टोअर सांभाळायच्या. आता लोक त्यांना घरी बोलावतात, घर लावून द्यायला. ज्याच्या जशा सवयी, तसं त्याचं घर. त्यांचे रॅक आणि लोकांचं मोडकं सामान मी नेतो-आणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. घर लावायला बाहेरचं माणूस!

पण त्याच सुमारास माझ्या बायकोच्या, कौसल्येच्या, डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर जवळजवळ गेलीच होती, आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा सचिन पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, आता हितलं तुझ्यानं व्हायचं न्हाई. दिवाळी झाली की तुला घेऊन जातो."

ती एवढंच म्हणाली, "मला माझा ओटा सोडायचा न्हाई."

तेव्हापासून मी ताईंचं काम जरा जास्तच लक्ष देऊन बघायला लागलो.

*

शिरूरला एका सरांचा फ्लॅट. रोज सकाळी गाडीची किल्ली हरवायची आणि सगळ्या घरावर ओरडा व्हायचा. ताई गेल्या आणि खुर्ची घेऊन बसल्या. कशाला हात नाही. सर माझ्या कानात म्हणाले, "आबा, बाई कामाला आलीय का पाहुणी?"

ताई नुसत्या बघत होत्या. सर निघाले, किल्ली शोधली, ओरडले, माठातलं पाणी प्याले आणि गेले. ते गेल्यावर ताई उठल्या आणि माठाच्या वर भिंतीला एक खिळा ठोकला. झालं काम!

संध्याकाळी सर म्हणाले, "इथं? माठापाशी?"

"सर, घरातनं निघताना तुम्ही हितंच काय ते शांत उभे राहता!"

त्या दिवसापासून त्या घरात किल्लीवरून आवाज नाही.

*

दौंडला रेल्वेतले एक साहेब. ड्युटीचा फोन कधीही यायचा. मग टॉर्च कुठंय, डबा कुठंय, मोजे कुठंयत, अख्खं घर जागं. ताईंनी दाराजवळच त्यांचा कोपरा लावला. बूट, बॅग, कपडे सगळं तिथंच.

पुढच्या आठवड्यात आम्ही रॅक बसवायला गेलो, तर साहेबांच्या मिसेस रुसलेल्या. "ताई, आता हे कधी जातात तेच कळत नाही. निदान एखादं भांडं पाडायची तरी सोय ठेवा!"

*

इनामगावला सासू-सुनेचं स्वयंपाकघर. सून उंच, सासू ठेंगणी. एकीनं ठेवलेलं दुसरीला सापडायचं नाही. ताईंनी दोघींचा हात पोचेल अशा उंचीवर खिळे मारले. मग उलथणं, झारा, चिमटा, एकेक वस्तू टांगून तिच्याभोवती खडूनं रेघ ओढली. कंपनीत पाने-पक्कड अशीच लावतात म्हणे. वस्तू काढली की भिंतीवर तिची रिकामी आकृती दिसते.

सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला नागपंचमी काढली काय गं?"

पण पुढच्या वेळी त्यांनीच आम्हाला हाताला धरून आत नेलं. "आमच्या मालकांनी जन्मात पहिल्यांदा झारा जागेवर ठेवला! मोकळी जागा बघवंना म्हणाले." मग पदराआडून हसत म्हणाल्या, "ताई, आता पारावर यांच्या बसायच्या जागंभोवती पन एक रेघ ओढा. म्हंजी कवा उठले ते कळंल!"

*

एकदा केडगावहून परत येत होतो. मला ताईंना विचारायचं होतं, पण मी मुळात सावकाश बोलणारा. विचारायला न्हावऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता लागला. "ताई, आमच्या घरी याल का?"

"आबा, एवढ्यासाठी गाडी इतकी हळू चालवलीत व्हय!"

आल्या आणि नेहमीसारख्या बसून राहिल्या. मग उठल्या, ओढणी काढून स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधली. "काकू, आता मला चहा करायला शिकवा."

चाचपडताना त्यांनी भांडं पाडलं, साखर सांडली, कोपर आपटलं. कौसल्या ओट्याला धरून हसत होती. "अगं, डावीकडं! मिठात हात घातलास की!" किती तरी महिन्यांनी आमच्या घरात हसणं ऐकलं.

ताईंनी ओढणी सोडली आणि माझ्याकडं बघितलं. "काकूंना सगळं बरोबर ठावं हाय. मग डबे हलवतं कोण?"

मीच हलवत होतो. तिला सोपं जावं म्हणून रोज एखादा डबा पुढं सरकवून ठेवायचो.

"आबा, तुम्ही फार मदत करता!"

मग त्यांनी साखरेच्या डब्याला सुतळी बांधली, मिठाचा तसाच ठेवला. ओट्याच्या कडेला गोणपाटाची पट्टी लावली, हाताला कळावी म्हणून. आणि दारापासून ओट्यापर्यंतची वाट मोकळी केली. उंबऱ्यात कुणी चप्पल काढायची नाही, ती बाहेरच्या बाकड्याखाली. आता दूधवालासुद्धा चप्पल बाकड्याखाली सरकवून मगच हाक मारतो.

*

दिवाळी झाली आणि सचिन आला. बरोबर मोठी बॅग. आईचे कपडे न्यायला. सवयीनं उंबऱ्याच्या आत येऊन चप्पल काढली, बॅग उंबऱ्यातच टेकवली आणि पलीकडं खाटेवर बसला.

कौसल्या ओट्यापाशी होती. तिनं हात वर केला, सुतळीचा डबा काढला. आलं ठेचलं. चहा उकळला ते तिनं वासावरून ओळखलं. सचिन बघत राहिला. मीही. मदतीला हात पुढं येत होता, तो मी मांडीखाली दाबून धरला.

कप घेऊन ती दाराकडं चालत आली. मध्येच पाय थांबला. अंगठ्यानं तिनं खाली चाचपलं. कपातलं थेंबभरही सांडलं नाही.

"सचिन, चप्पल बाकड्याखाली ठेव. ही माझी वाट हाय."

तो उठला. चप्पल ठेवून आला.

ती आणखी एक पाऊल पुढं आली. पाय पुन्हा कशाला तरी लागला. तिनं ते पायानंच जरा ढकललं. हलकं होतं.

"आन् ही रिकामी बॅग कुणाची रं? ही पन वाटंतच हाय. जाताना घेऊन जा." मग तिनं कप पुढं केला. "घे. गार होतोय."