माझ्या जागी माझाच आवाज

ज्या यंत्राने माझी नोकरी घेतली, त्याला पहिलं कुंकू मीच लावलं. आमच्या ऑफिसात नवीन काही आलं, मग ते झेरॉक्सचं मशीन असो की पाण्याचा कूलर, नारळ फोडल्याशिवाय सुरू करायची पद्धत नव्हती. नारळ शिपाई फोडायचा आणि हळदकुंकू वाहायला एखादी सवाष्ण लागायची. यंत्र टेलिफोनचं आणि टेलिफोनच्या बोर्डावर बसणारी मी, म्हणून मान माझा. भिंतीवर टांगलेली साधी राखाडी पेटी होती ती. मी तिच्यावर स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि चक्क हात जोडले. बोकडाने सुरीला हार घालावा, तसा तो प्रकार.

आमची कंपनी वारज्याच्या पुढे, हायवेला लागून होती. बाहेरून फोन आला की उचलायचा, कंपनीचं नाव सांगायचं, कोण हवंय ते विचारून आत जोडून द्यायचा, हे माझं काम. लग्नाआधीपासून मी तेच करत होते. मला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, पण आवाजाने ओळखणारे गावोगावी होते. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता, त्यामुळे वाईहून माझी आईसुद्धा तिथेच फोन करायची. शेजारच्या काकूंकडे जाऊन, दर गुरुवारी, दत्ताचं दर्शन घेऊन आल्यावर. दोन लाइनींच्या मधे आमचं बोलणं व्हायचं. "जेवलीस का?" हा तिचा पहिला प्रश्न, मग बाकीचं.

यंत्र बसलं त्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. "आपला आवाज फार छान आहे. या यंत्रात एक निवेदन भरायचंय, आपणच बोला." मी हुरळले. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसले. नवरा म्हणाला, "आवाजाला साडी कोण नेसवतं?" मी म्हटलं, "अहो, आवाजात उतरतं ते." आणि खरंच उतरलं होतं. 'नमस्कार. आपण फोन केलात, आनंद वाटला. हव्या असलेल्या टेबलाचा नंबर दाबा, नाहीतर थोडं थांबा. फोन जोडून देत आहोत.' 'थोडं थांबा' म्हणताना माझा हात हलला आणि बांगड्या वाजल्या. पुन्हा करू या का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, राहू द्या, घरगुती वाटतं.

महिना उलटायच्या आत त्याच साहेबांनी चहा मागवून मला सांगितलं की आता बोर्डावर माणूस लागणार नाही. कागदावर स्वेच्छानिवृत्ती असं लिहिलं होतं. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. मी सही केली, चहा प्यायले, कप विसळून जागेवर ठेवला आणि घरी आले.

पुढच्याच महिन्यात आमच्या कर्वेनगरच्या घरी फोन बसला, कधीपासून नंबर लावून ठेवला होता तो. पहिल्याच दिवशी वाजला आणि मी धावत उचलून कंपनीचं नाव सांगितलं. पलीकडे नणंद होती. ती हसली, घरात सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा कुणी हसलं नाही. त्यानंतर मी फोन उचलायचंच सोडून दिलं. वाजला की स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडायचे.

एकदा मंडईत कंपनीचे एक जुने पुरवठादार भेटले. चेहऱ्याने ओळखणाऱ्या थोड्यांतले. "काय बाई, परवाच तुमच्याशी बोललो की फोनवर! नेहमीसारख्याच प्रसन्न!" म्हणाले. हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी नोकरीवर नाही हे त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर घशातून नीट आवाजच निघेना. त्यांना वाटलं सर्दी झाली असेल.

परतताना कोपऱ्यावरच्या पीसीओत शिरले आणि कंपनीचा नंबर फिरवला. 'नमस्कार,' ती म्हणाली. मी तिला 'ती'च म्हणायला लागले होते. कसली आनंदात होती! नोकरी शाबूत असलेली, ठेवणीतली साडी नेसलेली, पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नसलेली बाई. 'थोडं थांबा,' म्हणाली आणि बांगड्या वाजल्या. माझ्या हातात त्याच बांगड्या होत्या. मी घाबरून फोन ठेवला. मग रोज जाऊ लागले.

त्या दिवसांत मला एक विचित्र सवय लागली. कणीक मळता मळता वाटायचं, आत्ता या क्षणी मी वारज्याला कुणालातरी नमस्कार म्हणतेय. अंगात ताप असला तरी तिकडे मी ठणठणीत. नवऱ्याशी भांडून अबोला धरला, तरी तिकडे माझं बोलणं सुरूच. खरं सांगते, मला तिची भीती वाटायची. जेवढं ती बोलायची, तेवढं माझं बोलणं आटत चाललं होतं. घरात 'हो', 'नाही' आणि 'वाढू का?' एवढ्यावर भागायचं.

शेवटी साहेबांना जाऊन भेटले. माझा आवाज पुसून टाका, असं म्हटलं. ते खरोखर गोंधळले. "पण आपल्याला त्याचा त्रास काय होतो?" मी उठले. मग बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले, असा आवाज बाहेरून पुसता येतो का ते विचारायला. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आम्ही रेडिओ दुरुस्त करतो. भुतं उतरवायची सोय नाही." अख्ख्या पुण्यात माझं दुखणं नेमकं ओळखणारा तो एकटाच भेटला, आणि त्यानेही लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

नोकरी गेल्याचं मी आईला वाईला जाऊन समोरासमोर सांगितलं होतं. तिने पाठीवरून हात फिरवला होता आणि विषय मिटला होता. घरचा नवा नंबर तिला दिला होता. तिने त्यावर दोन-तीनदा फोन केला, मग बंद केला. मला वाटलं, काकूंना किती त्रास द्यायचा म्हणून करत नसेल.

पुढे दिवाळीनंतर मी वाईला गेले. काकू दारातच म्हणाल्या, "तुझी आई चुकत नाही हो गुरुवार. पण तू हल्ली फार थोडं बोलतेस तिच्याशी. मिनिटभरात ठेवते ती."

म्हातारीला कळलंच नाही की काय? घरी येऊन मी आईसमोर बसले आणि पुन्हा समजावून सांगितलं. नोकरी गेली, तिथे आता मी नाही, ते यंत्र बोलतं.

आई शेंगा सोलत होती. "मला काय वेड लागलंय? पहिल्याच दिवशी कळलं. काहीही विचारा, आपलं एकच."

"मग घरी का करत नाहीस?"

"घरी केला की जावई उचलतात. मग तू येतेस आणि हं म्हणतेस. मी काही विचारलं की हं. आपण फोन करून चूक केली, असं वाटतं मला." तिने टरफलं पदरातून सुपात टाकली. "तिकडे तू माझ्याशी नीट बोलतेस."

मला रडू आलं. मी ते गिळलं आणि जिद्दीने म्हटलं, "आई, मी म्हणून दाखवते. इथेच. ऐक." आणि ताठ बसून सगळं म्हटलं, नमस्कारापासून शेवटपर्यंत. शब्द अन् शब्द पाठ होता. 'थोडं थांबा'ला हातसुद्धा हलवला, बांगड्या वाजवल्या.

आईने हातातलं काम थांबवून ऐकलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "छान म्हणालीस. पण ती निराळी गं."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दत्ताच्या देवळातून येताना ती सवयीने काकूंकडे वळली. मी मागोमाग गेले. मी सोबत आहे म्हणून तिने काही बदललं नाही. नंबर तिला पाठ होता. फोन लागताच तिचा चेहरा उजळला, कित्येक महिन्यांत मला पाहून उजळला नव्हता तसा.

"जेवलीस का गं?" तिने विचारलं.

मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. 'जेवले, आई,' म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी ती बोलली. रिसीव्हरमधून बारीक बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या.

"थांबते हो," आई तिला म्हणाली. "मला कसली आलीये घाई?"