अंगठेबाईने बाद केलेले तारे

फटाक्यांच्या कारखान्यात तिला अंगठेबाई म्हणत. वाळलेल्या प्रत्येक ताटातला एक तारा ती अंगठ्याखाली दाबून बघे. चुरला, की अख्खं ताट बाद. बाईमाणसाने दारूकामात पडू नये म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, तिने त्यांना भीक घातली नव्हती. मालक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. लहानपणी त्याचा शेंबूड तिनेच पुसलेला असल्यामुळे त्याच्या मालकीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे.

तारे म्हणजे आतषबाजीच्या गोळ्यांत भरायच्या, आकाशात रंग उधळणाऱ्या, बोराएवढ्या वड्या. त्यांची पूड एकजीव राहावी म्हणून तिच्यात खळीची भुकटी घालून ती पाण्याने मळायची. पाण्यानेच खळ चिकटते. पण पाणी वाळायला वेळ घेतं, आणि त्या आठवड्यात हवा अशी दमट होती की अंगावरचे कपडेही सुकेनात. मैदानातला मोठा कार्यक्रम तोंडावर आलेला. भावाचा धीर सुटला. बहीण तापाने घरी पडली आहे हे पाहून त्याने पाण्याऐवजी स्पिरिट ओतून सगळा माल मळून घेतला.

ती परत आली तेव्हा ताटं खडखडीत वाळली होती आणि भाऊ मिशीत हसत होता. तिने एक तारा दाबला. त्याचं पीठ झालं. दुसऱ्या ताटातला दाबला, त्याचंही पीठ.

"अरे, स्पिरिटमध्ये खळ विरघळत नाही, हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे गं ताई. पण दिसतायत ना घट्ट? एका कार्यक्रमाचा तर प्रश्न आहे. भर गोळ्यांत."

"गोळा लोखंडी नळ्यातून उडतानाच धक्क्याने यांचा भुगा होईल. सगळं एकदम पेटेल आणि नळाच फुटेल."

"फुटेलच कशावरून? तुझं आपलं काहीतरीच!"

नळ्याजवळ उभी राहून वात पेटवणार होती तिची लेक. याच मामाने तिला खांद्यावर बसवून आतषबाजी दाखवली होती. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरं. भरते," ती म्हणाली. "पण उद्या वात तू पेटवायचीस."

भाऊ घुटमळला. मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "माझा गुडघा धरलाय गं. वेळ आली तर पळता यायला नको?"

"म्हणजे वेळ येणार, हे तुला ठाऊक आहे!"

तिने पदर खोचला, पहिलं ताट उचललं आणि सरळ पाण्याच्या हौदात उपडं केलं. मग दुसरं. भाऊ थयथयाट करत मागे धावला. गुडघा तेव्हा काही आडवा आला नाही.

"माल माझा आहे! कारखाना माझा आहे! आणखी एका ताटाला हात लावलास तर उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही!"

"माल तुझा, कारखाना तुझा," ती म्हणाली. "पोरगी माझी आहे." आणि तिने तिसरं ताट उचललं.