बूटचोराचे शनिवार

"चोर! चोर! माझे बूट नेले!" म्हातारबांनी अशी आरोळी ठोकली की तीन परगण्यांतल्या गाईंनी रवंथ थांबवलं असणार. चोर मीच. त्यांच्या चाकाच्या खुर्चीपुढे ओणवा, दोन्ही हात त्यांच्या बुटांवर.

नर्स धावत आली.

"मी पाया पडतोय," मी सांगितलं. "आमच्यात नवीन कामाआधी वडीलधाऱ्यांच्या पडतात."

"आमच्यात आधी विचारतात," ती म्हणाली.

इथे परदेशात, ओंगार नावाच्या वस्तीजवळच्या वृद्धाश्रमातला तो माझा पहिला शनिवार. एरवी मी सिटीवेस्टला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचो. पण इथे दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांनाही मेडिकलची दारं उघडी असतात असं कळलं आणि तिशी उलटलेल्या मला डॉक्टर व्हायचे डोहाळे लागले. झोपेत बायकोची नाडी तपासायचो. तिची अट एकच होती. "इंजेक्शन दिसलं की भिंतीकडे तोंड करणारा माणूस तू! आधी आजारी माणसांजवळ राहून दाखव, मग नोकरी सोडायच्या गप्पा."

त्यासाठी जागा दोन होत्या. दूर गॉलवेच्या इस्पितळात ओळखीचे एक सर्जन मला आठवडाभर ऑपरेशनला मागे उभं करणार होते. हिरवे कपडे, मास्क, अर्जात काय शोभलं असतं! आणि इथे चहा वाटायचा. मी गॉलवेला तोंडभर हो म्हणून ठेवलं होतं. तोवर हात रिकामे नकोत म्हणून हा ट्रे.

पण त्या हॉलमधली दुपार काही औरच. काचेवर भुरभुर पाऊस, खुर्च्या किनाऱ्याला लागलेल्या होड्यांसारख्या, आणि उजेड असा फिका दुधाळ की कपात साखर विरघळायला शंभर वर्षं लागावीत. म्हातारबा अर्ध्या झोपेत त्यांच्या वासरांना हाका मारायचे. कधीकधी मीच 'ओ' द्यायचो. मी जागा आहे की त्यांच्या स्वप्नातलं एखादं वासरू, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

दुसऱ्या शनिवारपासून मी दिसलो की ते स्वतःच पाय पुढे करायचे. "ये रे चोरा!"

अशाच एका शनिवारी वाकलो तर बूट नव्हते, नुसते मोजे. "मावत नाही पाय," ते पुटपुटले. मी बोट लावलं तर घोट्यावर खळगा पडला, आणि पडूनच राहिला. नर्सला दाखवला. "ग्रँड, डॉक्टरांना बोलावते," म्हणाली; इथे कशालाही 'ठीक आहे' म्हणायचं तर ग्रँडच म्हणतात. पण चालत नाही, पळत गेली.

घरी येऊन सांगितलं त्यात अर्थातच मी म्हातारबांना यमाच्या रेड्यावरून खाली ओढून आणलं होतं; रेड्याची शेपटीसुद्धा माझ्या हातात राहिली होती. बायको कणीक मळत ऐकत होती.

"खरं किती यातलं?"

"पाय सुजले होते. मला दिसले. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या."

"आणि?"

"आणि पुढच्या शनिवारी येशील ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पण तेव्हा तर मी गॉलवेला असणार." मी परातीतला कणकेचा गोळा उचलून उगाच वळत बसलो. "तिथे खरी ऑपरेशनं बघायला मिळतील गं. अर्जात चहा कोण वाचणार?"

तिने परात बाजूला सरकवली.

"माझी अट आजारी माणसांजवळ राहायची होती, अर्ज सजवायची नाही. गॉलवेला नाही म्हणून कळव."